व्हेगासच्या वाटेवरचं कॅलिको घोस्ट टाउन: सासू-सासऱ्यांना घेऊन थांबावं का?

तगर

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आले आहेत आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडीने व्हेगासला जायचं ठरतंय. आय-१५ हायवेवर बारस्टो मागे पडलं की डावीकडच्या डोंगरावर मोठ्या अक्षरांत 'कॅलिको' लिहिलेलं दिसतं. दरवेळी आम्ही नुसतं बघतो आणि पुढे जातो. या वेळी थांबावं असं मनात आहे.

सासरे जिल्हा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे. कुठेही गेलं की हे कधी बांधलं, कोणी बांधलं, पैसा कुठून आला, हे सगळं त्यांना नीट समजून घ्यायचं असतं. खोटा देखावा मात्र मुळीच आवडत नाही. हॉलिवूडचा स्टुडिओ दाखवला तर म्हणाले, "मागे नुसत्या फळ्या आहेत, यात बघायचं काय?" सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला खाणीत शिरायचंय.

वाचलं त्यावरून कळलं ते एवढंच, की हे १८८१ मध्ये वसलेलं चांदीच्या खाणीचं गाव आहे, पुढे ओस पडलं आणि नंतर कोणीतरी ते परत उभारलं. मग आता तिथे खरं किती आणि नवं किती? अर्धा दिवस द्यावा इतकं आहे का? चढ किती आहे? ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

झुळूक

माझं स्पष्ट मत: सोडून द्या. पार्किंगमधून वर चढलात की दुकानंच दुकानं. टी-शर्ट, फज, चुंबकं, काउबॉयच्या टोप्या. बाटल्यांचं घर आणि तिरका वाकडा 'मिस्ट्री शॅक' तर चक्क करमणुकीसाठी नंतर बांधलेले आहेत. तुमच्या सासऱ्यांना खोटेपणा खपत नसेल तर इथे हमखास नाराज होतील. खरं घोस्ट टाउन बघायचं तर वेगळा वेळ काढून बोडीला जा.

वर्धाकाठ

झुळूक, तुमचं म्हणणं समजतं, पण मी सहमत नाही. तगर, तुम्ही जरूर थांबा. जरा लांबण लागेल, पण लिहितो, कारण या जागेवर माझा जीव आहे.

मी बल्लारशाच्या कोलरी कॉलनीत वाढलो. वडील खदानीत टिंबर मिस्त्री होते, म्हणजे छताला लाकडी टेकू लावायचं काम. आता बरीच वर्षं व्हिक्टरव्हिलला आहे, कॅलिको इथून तासाभरावर. भारतातून कोणी आलं की मी त्यांना आधी तिथे नेतो, व्हेगास नंतर.

आधी खरं-खोटं. १८८०च्या दशकातल्या मूळ इमारती पाचच उरल्यात. गावाचं जुनं कार्यालय, लेनचं किराणा दुकान, लिल्स सलून (म्हणजे दारूचा गुत्ता) आणि लुसी लेनचं घर या त्यांतल्या. बाकीचं वॉल्टर नॉट यांनी १९५१ मध्ये गाव विकत घेतल्यावर जुन्या फोटोंवरून परत उभारलं. हो, तेच करमणुकीच्या बागेचे, नॉट्स बेरी फार्मवाले. शाळा मूळ जागेवर आहे, पण नव्याने बांधलेली. १९६६ मध्ये त्यांनी सगळं गाव सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं आणि आजही काउंटीच ते चालवते. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पाच खरी, बाकी उभारलेली. ज्याला आधी माहीत असतं त्याची फसवणूक होत नाही, आणि ते स्वतःच मातीच्या भिंती बघून ओळखायला लागतील.

पण माझ्या दृष्टीने खरं गाव रस्त्यावर नाहीच, ते डोंगरात आहे. दुकानांकडे पाठ करून वर बघा. उतारावर जिकडेतिकडे काळी भोकं दिसतील आणि प्रत्येकाखाली फिकट रंगाचा, घसरून आलेला दगडांचा पंखा. आतून उपसलेला निरुपयोगी दगड तोंडाशीच ओतायचे, त्याचे ते ढीग. या डोंगररांगेत पाचशेच्या वर खाणी होत्या. बारा-तेरा वर्षांत त्यांतून त्या काळच्या भावाने दोन कोट डॉलरच्या आसपास चांदी निघाली असं सांगतात. सिल्व्हर किंग ही सर्वांत मोठी. या ढिगांना कोणी रंग दिलेला नाही, कोणी परत बांधलेले नाहीत. ज्यांनी ते उपसले त्यांच्या हातचे जसेच्या तसे आहेत.

मॅगी माइन या जुन्या खाणीत मात्र जाच. वेगळं तिकीट आहे, गाइड नसतो, आपलं आपण चालत जायचं. सुरुवातीला पुतळे आणि खनिजांची कपाटं आहेत, तिथे मुलगा रेंगाळेल. तिथून पुढे गेलात की भिंतीला हात लावा. आमच्या कोळशाच्या खदानीत पावलापावलाला टेकू असायचे, कारण वरचा थर कधी बसेल याचा नेम नसतो. वडील छताला सळईने ठोकून आवाज ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर माणसं मागे. इथे बराचसा बोगदा बिनटेकूचा उभा आहे, ज्वालामुखीचा घट्ट खडक आहे म्हणून. पहिल्यांदा शिरलो तेव्हा मी सवयीने वरच बघत होतो. भिंतीवर जागोजागी बोटाएवढ्या जाडीच्या अर्धगोल खोबणी दिसतात. एका हाताने पहार धरायची, दुसऱ्या हाताने चार पौंडी हातोडा मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार जराशी फिरवायची. असं भोक पाडून त्यात दारू ठासायची. सुरुंग उडाला की दगड फुटतो आणि भोकाची मागची अर्धी बाजू भिंतीवर राहते. तीच ही खोबण. उजेड मेणबत्तीचा. एका खोबणीवर बोट फिरवलंत तर एका माणसाचा पाळीतला निम्मा वेळ तुमच्या बोटाखाली असतो. ही गोष्ट नॉट यांनी बांधलेली नाही.

सासूबाईंना लुसी लेनच्या घरी बसवा, ते आता छोटं संग्रहालय आहे. ही बाई लहानपणी १८८०च्या दशकात या गावात आली, इथेच लग्न झालं, नवऱ्याचं दुकान होतं. गाव बुडाल्यावर १८९९ मध्ये ते कुटुंब निघून गेलं आणि १९१६ मध्ये परत आलं. आजूबाजूला माणूस नाही, बाजार नाही, तरी ती १९६०च्या दशकापर्यंत तिथे राहिली. नॉट यांनी गाव उभं केलं तेव्हा कुठे काय होतं हे सांगायला गावातच वाढलेली बाई हयात होती. झुळूक, म्हणून मला ही 'नक्कल' वाटत नाही.

झुळूक

वर्धाकाठ, सुरुंगाच्या खोबणींबद्दल माहीत नव्हतं, आम्ही मॅगीत पुतळे बघून बाहेर पडलो होतो. पण एक मुद्दा राहतोच. नॉट हे करमणुकीच्या बागेचे मालक. त्यांनी धंद्याच्या डोक्यानेच बांधलं ना?

वर्धाकाठ

धंद्याचं डोकं होतंच. पण त्यांचं या गावाशी नातं आधीपासूनचं आहे. त्यांचे एक काका जॉन किंग हे सॅन बर्नार्डिनोचे शेरीफ होते. ज्या लोकांनी सिल्व्हर किंगची शीर शोधली त्यांना पदरचे पैसे देऊन पाठवणाऱ्यांत ते होते, आणि खाणीला नावही त्यांच्यावरूनच पडलं. स्वतः वॉल्टर नॉट तरुणपणी याच वाळवंटात जमीन कसायला आले होते. सरकारी जमीन मिळाली, पाणी नव्हतं, शेती काही जमली नाही. पोटासाठी त्यांनी कॅलिकोत मजुरी केली. ज्या गावात माणसाने घाम गाळलाय ते चाळीसएक वर्षांनी विकत घेऊन त्यावर छपरं चढवणं, याला मी नुसता धंदा म्हणणार नाही.

आणि छपरं चढवली नसती तर काय राहिलं असतं, तेही बघा. या मोहावी वाळवंटात लाकूड मिळत नाही. गाव ओस पडल्यावर आजूबाजूच्या लोकांनी फळ्या, दारं, अख्खी घरंसुद्धा उचलून डॅगेट, बारस्टोकडे नेली. मातीच्या भिंतींवरचं छप्पर गेलं की चार पावसाळी वादळांत त्या विरघळतात. आज गावाच्या कडेला गुडघाभर उंचीचे मातीचे उंचवटे दिसतात, त्या एकेकाळी खोल्या होत्या. तुम्हाला हवं ते 'खरं' गाव तेवढंच उरलं असतं.

चारचाकी

चर्चा छान चाललीये, मी फक्त कामाचं सांगते.

आय-१५ वरून घोस्ट टाउन रोडची एक्झिट घ्यायची, तिथून चारेक मैल. बारस्टोपासून पंधरा मिनिटं. सकाळी नऊच्या सुमारास उघडतं, पाचला बंद. नाताळच्या दिवशी बंद असतं. प्रवेशाचं तिकीट वेगळं, खाणीचं आणि छोट्या रेल्वेचं वेगळं. दर आदल्या दिवशी काउंटीच्या साइटवर बघून घ्या.

पार्किंगपासून गावापर्यंत पायऱ्या आहेत आणि मुख्य रस्ताही वर चढत जातो, शाळेपर्यंत चढच. माझ्या आईचेही गुडघे दुखतात. आम्ही तिला निम्म्यापर्यंत हळूहळू नेलं, मग ती सावलीतल्या बाकावर बसली आणि आम्ही वर जाऊन आलो. शाळेपर्यंत नाही गेलं तरी काही अडत नाही. मॅगी माइनमध्ये काही ठिकाणी वाकून जावं लागतं, सासूबाईंना नेऊ नका. कॅलिको-ओडेसा रेल्वे मात्र सगळ्यांना जमते. आठेक मिनिटांची फेरी आहे, बसूनच खाणींची तोंडं आणि दगडांचे ढीग दिसतात.

जून ते सप्टेंबर अजिबात जाऊ नका, चाळीसच्या वर पारा असतो. नोव्हेंबर उत्तम, पण वारा बोचरा असतो. स्कार्फ, कानटोपी ठेवा. शाकाहारी असाल तर घरून दशम्या, चटणी, दही घेऊन निघा. आणि थँक्सगिव्हिंगच्या रविवारी परत येऊ नका! व्हेगासकडून लॉस एंजेलिसला येणारा रस्ता त्या दिवशी तासन्‌तास तुंबतो. शनिवारी नाहीतर सोमवारी निघा.

मुलाला सांगा, कुंपणाबाहेरच्या कोणत्याही भोकात शिरायचं नाही. आजूबाजूच्या डोंगरात उघडी विहिरीसारखी शाफ्टं आहेत, वरून झुडूप आलेलं असतं, कळतही नाही.

वर्धाकाठ

चारचाकींच्या शेवटच्या ओळीला माझं शंभर टक्के अनुमोदन. पडण्याचा धोका तर आहेच, पण जुन्या खाणीत हवा मेलेली असते, प्राणवायू कमी. माणूस चार पावलं आत गेला की बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. आमच्या कोलरीत सेफ्टी लॅम्पची ज्योत आधी बघायचे, मग माणसं आत जायची. हौशी लोकांकडे हे काहीच नसतं.

मुलाला डॉर्सीची गोष्टही सांगा. १८८०च्या दशकात इथल्या पोस्टमास्तरकडे डॉर्सी नावाचा कुत्रा होता. पाठीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून तो डोंगरापलीकडच्या बिस्मार्क नावाच्या वस्तीवर एकटा टपाल पोचवायचा. घडलेली गोष्ट आहे.

पायवाट

बोडीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आम्ही गेल्या उन्हाळ्यात ३९५ हायवेने बोडीला गेलो होतो. अप्रतिम जागा आहे, पण कॅलिकोला पर्याय म्हणून बोडी सुचवणं पटत नाही. एक तर ती आठ हजार फुटांवर, नेवाडाच्या सीमेजवळ. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, हिवाळ्यात बर्फाने बंद. नोव्हेंबरच्या शेवटी ज्येष्ठांना घेऊन तिथे जायचा विचारही नको.

दुसरं, तिथलं धोरणच वेगळं. १९६२ पासून ते राज्याचं उद्यान आहे आणि नियम असा की पडायला आलेलं पडू द्यायचं नाही, पण नवंही काही करायचं नाही. काचेतून आत बघितलं तर टेबलावर ताटल्या, भिंतीवर सुटलेला कागद, दुकानात डबे, सगळ्यावर धुळीचा थर. मला स्वतःला हीच पद्धत जास्त भावते. घराच्या आत मात्र फारसं जाता येत नाही, खाणीत तर नाहीच, आणि खायला एक दुकान नाही. आमची मुलगी तासाभरात कंटाळली.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटातलं हम्बरस्टोनही पाहिलंय, कामानिमित्त इकीकेला होतो तेव्हा. ते सोराखाराचं गाव. खत आणि दारूगोळ्यासाठी सगळं जग तिथला नायट्रेट घ्यायचं. जर्मनांनी हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायची रीत शोधली आणि ती गावं एकामागून एक बसली. हम्बरस्टोन १९६०च्या सुमारास बंद पडलं, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तिथे नाट्यगृह दुरुस्त केलंय, लाकडी खुर्च्यांवर बसता येतं. लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव कोरडा उभा आहे. शेजारच्या सांता लॉराला मात्र कारखान्याचा सांगाडा तसाच गंजत ठेवलाय. एकाच तिकिटात दोन्ही पद्धती बघायला मिळतात. ते बघितल्यापासून माझं मत असं झालंय की गाव नीट करणं चूक नाही, पण कुठे हात लावलाय हे पाटीवर लिहिलेलं असावं. कॅलिकोत त्या पाट्या कमी पडतात, हे झुळूक यांचं म्हणणं मला पटतं.

वर्धाकाठ

पाट्यांबद्दल मान्य. मीही तिथल्या अभिप्रायाच्या वहीत ते लिहून आलोय.

तगर

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आता जाणार हे नक्की. त्यांचा एक प्रश्न आहे, वर्धाकाठ यांना खास विचारायला सांगितलाय: चांदी होती, माणसं होती, रेल्वेही होती, मग बारा-पंधरा वर्षांत गाव बसलं कसं? चांदी संपली का?

वर्धाकाठ

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. बँकेतल्या माणसाने हा प्रश्न विचारला याचा फार आनंद झाला, कारण याचं उत्तर मुंबईच्या फोर्टात आहे. सगळं नाही, पण बरंचसं.

वरच्या थरातली श्रीमंत धातू आधी उपसली गेली हे खरं. खाली गेलं की खर्च वाढतो. पण खनिज संपलं म्हणून गाव बसलं नाही. चांदीचा भाव पडला म्हणून बसलं. १८८१ मध्ये औंसाला एक डॉलर दहा सेंटांच्या वर भाव होता. १८९० मध्ये अमेरिकेत शर्मन कायदा झाला. सरकार दरमहा पंचेचाळीस लाख औंस चांदी विकत घेणार, म्हणजे खाणवाल्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. कॅलिकोची वस्ती तेव्हा बाराशेच्या आसपास होती.

जगात चांदीचं दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. त्या काळी कोणीही चांदीची लगड घेऊन मुंबईच्या नाहीतर कलकत्त्याच्या टाकसाळीत जायचा, थोडा आकार भरायचा आणि तिचे रुपये पाडून घ्यायचा. सरकार नाही म्हणत नसे. त्यामुळे जगात कुठेही जास्त झालेली चांदी शेवटी हिंदुस्थानात येऊन रुपया व्हायची. पण चांदी घसरत होती तसा रुपयाही घसरत होता. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळायचे, १८९२-९३ मध्ये सव्वा शिलिंगापर्यंत आला. हिंदुस्थान सरकारचा महसूल रुपयांत आणि लंडनला पाठवायचे निवृत्तिवेतन, व्याज, लष्कराचे खर्च सोन्याच्या पौंडांत. हिशेब जुळेना. मग हर्शेल समिती बसली आणि २६ जून १८९३ ला कायदा करून दोन्ही टाकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. यापुढे रुपये पाडायचे तर सरकार स्वतःच्या मर्जीने पाडणार.

ही बातमी तारेने पोचली आणि अमेरिकेत चांदीचा बाजार कोसळला. ऐंशी सेंटांच्या वरचा भाव काही दिवसांत साठीच्या घरात आला. कोलोरॅडोत खाणी धडाधड बंद झाल्या. १ नोव्हेंबर १८९३ ला अमेरिकेने शर्मन कायद्यातली खरेदीही रद्द केली. दोन्ही मोठी गिऱ्हाइकं एकाच वर्षात गेली. पुढच्या वर्षी सरासरी भाव त्रेसष्ट सेंटांच्या आसपास होता. त्या भावात कॅलिकोचा दगड फोडून, खाली नेऊन, त्यातली चांदी काढणं परवडत नव्हतं. १८९८ मध्ये गावाचं पोस्ट बंद झालं. जवळच्या म्यूल कॅन्यनमध्ये बोरॅक्सचं, म्हणजे टाकणखाराचं, खनिज सापडलं होतं, त्यावर आणखी काही वर्षं थोडी वर्दळ राहिली. १९०७ मध्ये बोरॅक्सवाले डेथ व्हॅलीकडे गेले आणि सगळंच थांबलं.

मी लहानपणी मुंबईला मामाकडे जायचो तेव्हा शहीद भगतसिंग मार्गावरून रिझर्व्ह बँकेसमोरच्या टाकसाळीवरून बस जायची. तिचं दार खाजगी चांदीला बंद करण्याच्या निर्णयाने मोहावीत बायका-मुलांसकट हजारभर माणसांना गाडीत भांडी भरून निघावं लागलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हापासून लिल्स सलूनच्या दारात उभं राहिलं की मला फोर्ट आठवतं. कॅलिकोतल्या एकाही पाटीवर मी हे लिहिलेलं पाहिलं नाही.

सासऱ्यांना एक विचारा. त्यांच्या संग्रहात राणीचा रुपया असेल. एक तोळा वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. १८९३ च्या पुढचं लगेचचं साल कोणतं आहे त्यांच्याकडे?

तगर

वर्धाकाठ, तुम्ही घरात धमाल उडवून दिलीत. नाण्यांची वही साताऱ्याला कपाटात आहे, म्हणून दिरांना फोन करून तिथे सकाळ असताना व्हिडिओवर पानं दाखवायला लावली. राणीचे रुपये आहेत: १८८५, १८८८, १८९१, १८९२, १८९३. दोनांवर मागच्या बाजूला खाली बारीक 'बी' आहे, म्हणजे मुंबईचे. त्यानंतर एकदम १८९७. मधली तीन खोबणी त्यांनी मिळतील तेव्हा लावू म्हणून रिकामी ठेवली होती, पंचवीसएक वर्षं! पुण्याच्या नाणेवाल्याने त्यांना "मिळत नाहीत" एवढंच सांगितलं होतं, का ते नाही. टाकसाळी बंद, म्हणून त्या सालांचे रुपये पाडलेच नाहीत! आज दिवसभर ते फोनवर मित्रांना हेच सांगतायत.

झुळूक

वा! हे वाचून मीही परत जाईन म्हणते. या वेळी दुकानांच्या उलट्या दिशेला बघणार.

तगर

जाऊन आलो. थोडक्यात वृत्तांत देते.

पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते, गर्दी नव्हती, वारा मात्र चारचाकी म्हणाल्या तसाच. सासूबाई लुसी लेनच्या घरात बराच वेळ होत्या. ओतीव लोखंडाची शेगडी, तिच्या बाजूला पाण्याचं भांडं, खिडकीला जाड पडदा. "पाणी कुठून आणायची ही?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तिथल्या मावशींनी सांगितलं की पाणी लांबून आणावं लागायचं. मग सासूबाई म्हणाल्या, माणच्या माहेरी आम्हीही अडीच मैलांवरून आणायचो, हिला पुन्हा यावंसं वाटलं यात नवल काही नाही, आपलं घर ते आपलं घर.

सासऱ्यांनी कार्यालयाच्या मातीच्या भिंतीची जाडी हाताने मोजली, मग शेजारच्या नव्या भिंतीची. कोणती जुनी ते न विचारता ओळखलं आणि खूश झाले. येताना गावाच्या खालच्या दफनभूमीतही थांबलो. जमीन इतकी कठीण की थडग्यांवर नुसते दगड रचलेत. लहान मुलांची थडगी बघून मात्र सगळे गप्प झालो.

मॅगीत मी, नवरा आणि मुलगा गेलो. खोबणी सापडल्या! मुलाने एकीत बोट घातलं ते काढेचना. आता त्याचा प्रश्न: दगडातून चांदी बाहेर कशी काढायचे? तिथल्या कपाटातला खनिजाचा तुकडा नुसता राखाडी दिसत होता, चांदीसारखा चमकत नव्हता. शाळेत सांगायचंय त्याला.

वर्धाकाठ

शाब्बास त्याला! चमकत नव्हता हे त्याने बघितलं, म्हणजे डोळा चांगला आहे. इथली चांदी सुटी नसते, क्लोरीनबरोबर बांधलेली असते, म्हणून ती मेणचट, राखाडी-हिरवट दिसते.

त्याला असं सांगा. दगड खाली मोहावी नदीकाठी डॅगेटकडे न्यायचे, कारण वर पाणी नव्हतं. आधी खेचरांच्या गाड्या, १८८८ पासून अरुंद रुळांची रेल्वे. तिथे स्टॅम्प मिल होती: लोखंडी मुसळांची रांग, वाफेच्या इंजिनावर वरखाली आपटणारी, रात्रंदिवस. आवाज मैलभर जायचा. दगडाचं पीठ झालं की त्यात पाणी घालून चिखल करायचा आणि लोखंडी कढईत मीठ आणि पारा घालून घोटायचा. लोखंडामुळे चांदी क्लोरीनपासून सुटते आणि सुटली की पाऱ्याला चिकटते. चिखल धुऊन टाकायचा, खाली जड लगदा उरतो. तो जाड कापडातून पिळून जास्तीचा पारा काढायचा आणि राहिलेला गोळा बंद भट्टीत तापवायचा. पारा वाफ होऊन नळीतून बाहेर जातो, थंड करून परत वापरतात, आणि भट्टीत स्पंजासारखी सच्छिद्र चांदी राहते. ती वितळवून विटा पाडायच्या. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हात कापायचे, दात हलायचे, हेही त्याला सांगा, गाळू नका.

पुढच्या वेळी डॅगेटला दहा मिनिटं थांबा, कॅलिकोपासून जवळच आहे. आणि डेथ व्हॅलीला गेलात तर फर्नेस क्रीकला 'ओल्ड डायना' नावाचं वाफेचं ट्रॅक्टर ठेवलंय ते मुलाला दाखवा. १८९४ मध्ये म्यूल कॅन्यनमधून डॅगेटपर्यंत बोरॅक्स ओढायला ते आणलं होतं. वाळवंटात फार काळ टिकलं नाही, परत खेचरंच जुंपावी लागली आणि १८९८ मध्ये रेल्वे आली. पण चाकं बघण्यासारखी आहेत, तुमच्या मुलापेक्षा उंच.